सिग्नल्समधले आजोबा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की घरात कुणी दुसऱ्या महायुद्धात परदेशी गेलं असेल तर कागद काढा, वाचा आणि अडेल ते विचारा. पलटणीच्या लढायांबद्दल विचारतील असं वाटलेलं, पण निम्म्याच्या वर प्रश्न आले ते सिग्नलबद्दल. कोल्हापूर जिल्ह्यात मराठा पलटणीतल्या आजोबांचे फोटो घरोघरी आहेत, पण फोन, वायर, वायरलेस सांभाळणाऱ्या आजोबांनी नक्की काय केलं हे घरच्यांना कळतच नाय कारण त्यांच्या कागदावर लढाईचं नावच नसतं, नुसती अक्षरं नि आकडे. तर यावेळी सगळा कॉलम सिग्नलचाच.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या कागदावर "४ इंडियन डिव्हिजनल सिग्नल्स, के सेक्शन" एवढंच आहे. इजिप्त, एरिट्रिया, इटली ही नावं घरात ऐकलेली. चौथ्या डिव्हिजनचा इतिहास वाचला तर एरिट्रियातली केरनची लढाई, लिबियातलं टोब्रुक, इटलीतलं कसिनो सगळंच येतं. मग ते सगळीकडं होते असं धरायचं का? आणि के सेक्शन म्हणजे काय? – एक वाचक, कसबा बावडा

दादा, सगळीकडं होते असं धरू नका, इथंच बहुतेकांची गाडी चुकते. पायदळाची पलटण कशी, सगळी एका जागी असते, पलटण जिथं लढली तिथं आजोबा होते असं म्हणता येतं. सिग्नलचं युनिट मुळात विखरून राहण्यासाठीच बनवलेलं असतं. नाव एक, नंबर एक, पण माणसं पन्नास-शंभर मैलांत पसरलेली. आपल्याकडं साखर कारखान्याच्या मस्टरवर ऊसतोडीच्या सगळ्या टोळ्या एकाखाली एक दिसतात पण एक टोळी कागलला असते आणि एक राधानगरीला, तसंच हे. म्हणून युनिट कुठं होतं असं विचारून उपयोग नाय, आजोबा कुणासाठी वायर ओढत होते ते विचारायचं.

आता रचना बघा. त्या वेळची भारतीय फौज ब्रिटिश पद्धतीनंच चालायची. एका डिव्हिजनमध्ये साधारण तीन ब्रिगेड, एका ब्रिगेडमध्ये तीन पलटणी, शिवाय तोफखाना वगैरे. या सगळ्यांचं एकमेकांशी बोलणं चालू ठेवायला डिव्हिजनमागं एक सिग्नलचं युनिट, त्याचा साहेब लेफ्टनंट कर्नल. तो नुसता युनिटचा कमांडर नव्हता, डिव्हिजनच्या जनरलचा संपर्काबद्दलचा सल्लागारपण तोच, म्हणजे हेडक्वार्टर पुढं हलवायचं असेल तर "साहेब तिथं डोंगर आडवा येतोय, वायरलेस लागणार नाय" हे सांगायचं काम त्याचं. ऐकायचं का नाय ते जनरलच्या हातात.

त्याच्या खाली तीन कंपन्या. एक नंबरची कंपनी डिव्हिजनच्या हेडक्वार्टरसाठी, तिच्यात वायरलेसवाले, केबल टाकणारे, निरोप्ये मोटरसायकलवाले आणि सिग्नल ऑफिस चालवणारे. एम नावाचं सेक्शन, म्हणजे छोटी तुकडी, दुरुस्तीचं, सेट बिघडला की त्यांच्याकडं. दोन नंबरची कंपनी सगळी तोफखान्याला वाटून दिलेली. आणि तीन नंबरची कंपनी ब्रिगेडसाठी, तिच्यात जे, के आणि एल अशी तीन सेक्शनं, एकेका ब्रिगेडला एकेक. म्हणजे तुमचे आजोबा ब्रिगेडच्या सेक्शनमध्ये होते. कागदावर ते चौथ्या डिव्हिजनचे, पण त्यांचं खाणं, राहणं, चालणं, मार खाणं सगळं त्या एका ब्रिगेडबरोबर.

याचा अर्थ किती मोठा आहे बघा. चौथ्या डिव्हिजनच्या ब्रिगेड तीन, ५, ७ आणि ११. फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्ये केरनला जी मोठी लढाई झाली तिथं ५ आणि ११ नंबर समोरून डोंगराला भिडलेल्या होत्या आणि ७ नंबर त्या वेळी तांबड्या समुद्राच्या बाजूनं उत्तरेकडून खाली येत होती. २७ मार्चला केरन पडलं. नंतर उन्हाळ्यात ५ नंबर सीरियात दमास्कसकडं गेली आणि ११ नंबर परत वाळवंटात. पुढच्या वर्षी ११ नंबर टोब्रुकमध्ये होती, २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा अख्खी ब्रिगेड कैद झाली, तिच्यातच आपली २/५ मराठापण, म्हणजे पाचव्या मराठाची दुसरी पलटण, होती. आणि १९४३ ला ट्युनिशियात डिव्हिजन लढली ती ५ आणि ७ या दोनच ब्रिगेड घेऊन. एकाच डिव्हिजनल सिग्नल्सचे तीन जवान, एक केरनच्या डोंगरात, एक दमास्कसला, एक इटलीतल्या कैदी छावणीत, आणि तिघांच्या कागदावर वरचं नाव सेमच! म्हणून सांगतोय, डिव्हिजनचं पुस्तक उघडून आजोबांना प्रत्येक लढाईत उभं करू नका, आधी त्या वर्षी त्यांचं सेक्शन कुठल्या ब्रिगेडला होतं ते बघा आणि मग त्या ब्रिगेडच्या मागं मागं जा.

आता डिव्हिजनच्या वर काय तेपण सांगतो कारण त्याचे प्रश्न आलेत. दोन-तीन डिव्हिजनवर एक कोअर, तिला कोअर सिग्नल्स. त्याच्यावर आर्मी, तिला आर्मी सिग्नल्स. आणि बंदरापासून आघाडीपर्यंतचा जो लांबलचक पट्टा, डेपो, हॉस्पिटल, रेल्वे, तो सांभाळायला लाइन्स ऑफ कम्युनिकेशन सिग्नल्स, कागदावर एल ऑफ सी असं लिहिलेलं सापडेल. विमानतळांचे फोन सांभाळायला एअर फॉर्मेशन सिग्नल्स वेगळी. आणि पायदळानं विमानांना बोलवायचं, इथं बॉम्ब टाका म्हणून, त्यासाठी एअर सपोर्ट सिग्नल युनिट, त्यांच्या छोट्या छोट्या वायरलेसच्या गाड्या थेट ब्रिगेडबरोबर फिरायच्या. नावात काय लिहिलंय त्यावरून माणूस गोळीच्या किती जवळ होता याचा अंदाज येतो. एल ऑफ सी म्हटलं की मागं, ब्रिगेड सेक्शन म्हटलं की बरंच पुढं. मागं म्हणजे आरामात असं मात्र समजू नका हां, बॉम्ब बंदरावरच आधी पडायचे.

आणि हे सगळं एकमेकांना जोडायचा एक नियम होता, मला तरी या सगळ्या रचनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच वाटते. वरच्यानं खालच्यापर्यंत वायर न्यायची, खालच्यानं वर नाय. डिव्हिजननं ब्रिगेडपर्यंत न्यायची, ब्रिगेडनं पलटणीपर्यंत. शेजाऱ्याशेजाऱ्यात असेल तर डावीकडच्यानं उजवीकडच्याला जोडायचं. तोफखाना आणि पायदळ असेल तर तोफखान्यानं पायदळाकडं यायचं, कारण मदत तो करणार आहे. म्हणजे रात्री दोन वाजता वायर तुटली तर "तुझं काम का माझं काम" ह्यावर वाद घालायला जागाच नाय. आपल्याकडं रस्त्यावरचा एक खड्डा कुणाचा यावर दोन खाती वर्षभर भांडतात.

याचा परिणाम असा की वायर जोडायला जायचं ते वरच्या हेडक्वार्टरच्या लाईनमननं, आणि जायचं पुढच्या दिशेनं. तोफगोळा पडून वायर तुटली की दोघं निघायचे, एकाच्या खांद्यावर टेलिफोन नि वायरचं रीळ, अंधारात वायर हातातून सोडत सोडत चालायचं, जिथं हातातली वायर संपली तिथं तुकडा झालाय. मग दुसरं टोक शोधायचं, जोडायचं, फोन लावून दोन्हीकडं टेस्ट करायची आणि परत फिरायचं, आणि परत येईस्तोवर मागं दुसरीकडं तुटलेली असायची. रणगाड्याच्या पट्ट्यात गुंतून तर मैलभर वायर ओढून जायची, तीपण आपल्याच रणगाड्याच्या. त्यावर उपाय म्हणून समांतर दोन वायरी टाकून मधेमधे शिडीसारख्या जोडायच्या, म्हणजे एक-दोन ठिकाणी तुटलं तरी निरोप वळसा घालून जातो. कसिनोसारख्या ठिकाणी, फेब्रुवारी १९४४ ला चौथी डिव्हिजन तिथल्या डोंगरावर होती तेव्हा, लाईनमनचं आयुष्य म्हणजे हेच. तुमचे आजोबा लाईनमन होते का ऑपरेटर ते कागदावर ट्रेडच्या रकान्यात असेल, ते बघा.

प्रश्न : आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत. आजी सांगायची ते "सिग्नलला" होते. पण जबलपूरच्या सिग्नल कोअरमध्ये त्यांचा कुठलाच रेकॉर्ड नाय म्हणतात. आजीचं चुकलं का? – मंगळवार पेठ

आजीचं अजिबात चुकलं नाय. सिग्नल कोअर म्हणजे लष्कराचं संपर्काचं खातं (मघाची डिव्हिजनवरची कोअर वेगळी), त्याची हद्द पलटणीच्या हेडक्वार्टरपाशी संपते. ब्रिगेडपासून पलटणीपर्यंत वायर आणायची ती ब्रिगेड सेक्शननं. तिथनं पुढं, म्हणजे पलटणीपासून तिच्या चार रायफल कंपन्यांपर्यंत, पलटणीचं स्वतःचं सिग्नल प्लाटून असायचं, तीस-पस्तीस माणसांचं. ही माणसं मराठा पलटणीचीच, टोपीवर बिल्ला मराठ्यांचा, रेकॉर्ड बेळगावला. जबलपूरला ते सापडणारच नायत. ओळखायची सोपी खूण सांगतो, सिग्नल कोअरमधल्या साध्या जवानाचा हुद्दा सिग्नलमन असा लिहिलेला असतो आणि पलटणीतल्याचा शिपाई, मग तो दिवसभर टेलिफोनला का चिकटलेला असेना.

या प्लाटूनकडं टेलिफोन आणि पाठीवर घ्यायचा १८ नंबरचा वायरलेस सेट. सेट एकाच्या पाठीवर, दुसरा मागनं बोलणार. लांब दांडीची एरियल वर हलत असायची त्यामुळं शत्रूचा नेम आधी तिच्याकडं. हा सेट सरळ मैदानावर काही मैल बोलायचा, डोंगराआड गेला की गप्प. आणि सेटची बॅटरी संपली, वायर तुटली, की उरतो एकच मार्ग, कागदाची चिठ्ठी घेऊन पळणारा माणूस. त्याला रनर म्हणायचे.

आणि इथं सांगायलाच पाहिजे, नामदेव जाधव हे नाव आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. पण ते पलटणीत काय काम करायचे हे कुणी सांगत नाय. ते १/५ मराठाच्या एका कंपनीचे रनर होते! ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनियो नदी ओलांडताना ते कंपनी कमांडरच्या बरोबर होते, कारण रनरची जागाच ती, कमांडरच्या हाताशी. नदीच्या बांधावर मशीनगनचा मारा झाला, बरोबरचे पडले, तर त्यांनी दोन जखमींना उचलून नदीतनं आणि सुरुंग पेरलेल्या जागेतनं मागं आणलं आणि मग एकट्यानं परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. हाताला लागलं तर टॉमीगन सोडून ग्रेनेड फेकत बसले. म्हणजे निरोप नेणारा माणूस, ज्याचं कागदावरचं काम चिठ्ठी पोचवणं, त्यानं बांध मोकळा केला. १९४४ च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात ३/५ मराठाचे यशवंत घाडगे गेले तेपण तिथंच इटलीत, त्यांनाही मरणोत्तर हाच क्रॉस, पण ते रायफल सेक्शनचे कमांडर होते. दोघांची कामं वेगळी, आपण एकाच वाक्यात दोघांना गुंडाळतो.

ताई, तुमच्याकडं कागद नसेल तर आजीला अजून एक गोष्ट आठवत असेल तर विचारा, आजोबा "कट् कट्" शिकवायचे का, म्हणजे मोर्स. पलटणीतल्या सिग्नलरांनापण मोर्स यायचं आणि सुट्टीवर आल्यावर पोराबाळांसमोर टेबलावर वाजवून दाखवायची खोड बऱ्याच जणांना होती म्हणतात.

प्रश्न : त्या काळात मोटरसायकलवरनं निरोप न्यायचे ते कोण? कुठली गाडी? मी स्वतः बुलेटवाला म्हणून विचारतोय. – राजारामपुरी

हे डिस्पॅच रायडर, कागदावर डॉन आर असं दिसेल. हे सिग्नल कोअरचेच. गाड्या ब्रिटिश, नॉर्टनची १६ एच, बीएसएची एम २०, मॅचलेसची जी ३ एल, आणि हो, रॉयल एनफिल्डच्यापण होत्या, त्यामुळं छाती फुगवायला हरकत नाय. पण चेन्नईची बुलेट डोळ्यांसमोर आणू नका, ती नंतरची.

वायरलेस असताना माणूस कशाला, असा प्रश्न पडतो. दोन कारणं. एक म्हणजे वायरलेसवर बोललेलं शत्रू ऐकतो. आफ्रिकेतला जर्मन सेनापती रोमेल, त्याच्याकडं एक खास ऐकणारी कंपनी होती, वाळवंटात ब्रिटिशांच्या गप्पा ऐकून ती त्याला सगळं सांगायची, १० जुलै १९४२ ला ती कंपनी इजिप्तमध्ये अलामीनजवळ पकडली गेली आणि तिचे कागद बघितल्यावर ब्रिटिशांना कळलं की आपली माणसं वायरलेसवर किती मोकळेपणानं बडबडत होती. त्यामुळं हल्ल्याच्या आधी तर वायरलेस पूर्ण बंद, सगळं वायरीवर नाहीतर गाडीवर. दुसरं म्हणजे नकाशा, लांबलचक हुकूम, फोटो ह्या गोष्टी मोर्समधनं जात नायत, त्या पिशवीतच घालाव्या लागतात. त्यासाठी रोजच्या ठरलेल्या वेळेच्या फेऱ्या असायच्या आणि तातडीचं असेल तर खास फेरी. रात्री लाईट न लावता, अनोळखी रस्त्यावर, पुढं हेडक्वार्टर हललेलं असू शकतं हे माहीत असून जायचं. तुमच्या गगनबावड्याच्या राईडपेक्षा जरा अवघड!

जवानांची घरची पत्रं मात्र यांच्याकडं नसायची. ती फील्ड पोस्टातनं, त्याचा सिग्नलशी संबंध नाय. पत्रावर गावाचं नाव नसून नुसता एफपीओ, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसचा, नंबर असायचा.

प्रश्न : कबुतरं खरंच वापरायचे का? – इयत्ता नववी, गडहिंग्लज

हो. ब्रह्मदेशातल्या जंगलात गस्तीवर जाणाऱ्या तुकड्या कबुतरं बरोबर न्यायच्या. बॅटरी लागत नाय आणि शत्रूला ऐकूपण येत नाय. फक्त ते एकाच बाजूनं जातं, आपल्या खुराड्याकडं, त्यामुळं उत्तर आणायचं असेल तर माणूसच पाहिजे.

प्रश्न : ब्रह्मदेशच्या आघाडीवर सिग्नलची रचना वेगळी होती का? वडिलांचे काका सातव्या डिव्हिजनच्या सिग्नल्समध्ये होते. ते म्हणायचे आम्ही लढलो. घरात सगळे हसायचे, वायरलेसवाला काय लढणार म्हणून. – हातकणंगले तालुका

कागदावरची रचना तीच, तीन कंपन्या वगैरे. पण जंगलानं तिचा पार बट्ट्याबोळ केला. ट्रकच्या जागी खेचरं आली. एका खेचरावर सेट, दुसऱ्यावर बॅटऱ्या, तिसऱ्यावर बॅटरी चार्ज करायचं छोटं पेट्रोल इंजिन. खेचर दरीत गेलं की अख्ख्या ब्रिगेडचा आवाज गेला. लढाईच्या गोष्टींत हे चार्जिंगचं इंजिन कधी येत नाय, पण ते बंद पडलं की सगळं बंद, आणि ते चालू असलं की त्याचा आवाज रात्री जंगलात लांबपर्यंत जायचा. त्यात पावसाळा. सेटच्या आत बुरशी चढायची, वायरीवरचं वेष्टण कुजायचं, म्हणून पुढं पुढं सेट दमट हवेसाठी खास लेप देऊन यायला लागले. दाट झाडीत वायरलेसची लाट शोषली जाते, मैदानावर जो सेट काही मैल बोलतो तो तिथं मैलभरावर मुका. मग एरियल आडवी बांधून लाट आकाशाकडं पाठवायची, ती वरनं परत खाली येते, असं करून डोंगरापलीकडं बोलायचे. दिवसाची फ्रिक्वेन्सी वेगळी, रात्रीची वेगळी, ती बदलायची वेळ चुकली की संपर्क गेला.

आता तुमच्या काकाआजोबांचं. हसणाऱ्यांना सांगा, ६ फेब्रुवारी १९४४. ब्रह्मदेशच्या किनाऱ्याकडच्या अराकानमध्ये सातव्या डिव्हिजनचं हेडक्वार्टर होतं, मेसर्व्ही नावाचे जनरल. जपानी मागनं वळसा घालून धुक्यात पहाटे थेट हेडक्वार्टरवरच आले. डिव्हिजनच्या हेडक्वार्टरभोवती पायदळाची पलटण बसलेली नसते, तिथं असतात ते क्लार्क, इंजिनिअर, आणि सगळ्यात जास्त सिग्नलवाले, एक नंबरची कंपनी. तेच रायफली घेऊन लढले. वायरलेसवर दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना सेटवर कुदळ घाला असा आवाज ऐकू आला आणि मग काहीच नाय, असं तिथल्या लोकांनी नंतर सांगितलंय. सेट फोडायचा, सांकेतिक कागद नष्ट करायचे आणि मगच मागं सरायचं, हा सिग्नलवाल्याचा शेवटचा नियम.

पुढं काय झालं तर मेसर्व्ही जंगलातनं निसटून सिन्झवेयाच्या तळावर पोचले, वेढ्यात लढलेला तोच तो ॲडमिन बॉक्स, आणि तिथं स्वतःचे सेट गेल्यामुळं रणगाड्यांच्या वायरलेसवरनं त्यांनी आपल्या ब्रिगेडींशी बोलणं परत सुरू केलं. मला विचाराल तर अराकानची ती लढाई फिरली त्याला विमानातनं पडलेलं रेशन जेवढं कारण तेवढंच हे कारण, की ब्रिगेड वेढ्यात सापडल्या तरी त्या बोलत राहिल्या. आधी १९४२ ला माघार घेताना संपर्क तुटला की तुकड्या आपोआप मागं सरकायच्या. बोलता येत असेल तर माणूस जागेवर बसतो.

तारखेवरनं आठवलं म्हणून सांगतो, सिग्नल कोअरचा स्थापनेचा दिवस १५ फेब्रुवारी, वर्ष १९११. आणि सिंगापूर पडलं तेपण १५ फेब्रुवारीलाच, १९४२. तिथं ९ आणि ११ नंबरच्या भारतीय डिव्हिजनची सिग्नल्सपण कैद झाली. ज्यांच्या घरातले सिग्नलवाले मलायात होते आणि पुढं आझाद हिंद सेनेत दिसतात, त्यांचा धागा तिथं लागतो.

प्रश्न : आजोबा इराक-इराणमध्ये एल ऑफ सी सिग्नल्सला होते. तिथं तर लढाईच नव्हती, मग एवढी माणसं कशाला? – कागल

लढाई थोडी होती. एप्रिल १९४१ ला दहाव्या डिव्हिजनचे लोक बसऱ्याला उतरले आणि ऑगस्टमध्ये इराणमध्ये शिरले, पश्चिमेकडनं शिरणाऱ्या दहाव्या डिव्हिजनचे जनरल स्लिम होते, तेच पुढं ब्रह्मदेशातल्या फौजेचे सेनापती. पण ती लवकरच आटपली. खरं काम नंतर सुरू झालं. इराणमधनं रशियाला ट्रक, दारूगोळा, अन्न जायला लागलं, आखातातल्या बंदरापासून वर कॅस्पियनकडं, शेकडो मैल रेल्वे आणि रस्ता. प्रत्येक ठाण्यावर गाडी निघाली, गाडी पोचली, पूल तुटला, बर्फ पडलं हे पुढं कळवायला टेलिफोन आणि तारयंत्र पाहिजे. ते ओढायचं, खांब उभे करायचे, खांबावरची तांब्याची तार चोरीला जाते ती परत बसवायची, हे एल ऑफ सीचं काम. त्यासाठी आपल्या पोस्ट आणि तार खात्यातली अनुभवी माणसंपण गणवेश घालून गेली होती. उन्हाळ्यात बसऱ्याकडं तापमान ५० च्या आसपास आणि हिवाळ्यात हमादानच्या घाटात बर्फ, दोन्ही एकाच माणसाच्या नशिबी.

आणि कोल्हापूरकरांनी हे तर लक्षात ठेवायलाच पाहिजे, १९४२ ला रशियातनं सुटलेले हजारो पोलिश लोक याच इराणमधनं बाहेर पडले आणि त्यांतले काही हजार पुढं आपल्या वळिवड्याच्या कॅम्पात येऊन १९४८ पर्यंत राहिले. तुमचे आजोबा तिकडं वायर सांभाळत होते आणि त्याच वाटेनं गेलेली माणसं इकडं वळिवड्याला स्वयंपाक करत होती. सुट्टीवर आल्यावर आजोबांनी त्यांना बघितलं असेल का, विचारून बघा घरात.

प्रश्न : हे सगळं शोधायचं कुठं? – बऱ्याच जणांचा

सिग्नल कोअरवाल्यांसाठी सिग्नल्स रेकॉर्ड्स, जबलपूर. मराठा पलटणवाल्यांसाठी बेळगाव. अर्जात आर्मी नंबर लिहा, नाव एकटं देऊ नका, पाटील आणि जाधव तिकडं ढिगानं आहेत. सुरुवातीला आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारून घ्या. युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधा, इटलीवाले कसिनोच्या स्मारकावर, ब्रह्मदेशवाले रंगूनला, मलायावाले सिंगापूरला, वाळवंटातले अलामीनला असे सापडतात. नावाचं इंग्रजी स्पेलिंग साहेबानं ऐकलं तसं लिहिलंय, त्यामुळं चार-पाच प्रकारे टाकून बघा, आणि वडिलांचं नाव, तालुका यावरनं खात्री करा.

पदकांवरनंपण कळतं. आफ्रिका स्टार असेल तर १० जून १९४० ते १२ मे १९४३ या काळात तिकडं होते, एरिट्रियापण त्यातच धरतात. इटली स्टार ११ जून १९४३ पासून पुढं, ८ मे १९४५ पर्यंत. बर्मा स्टार ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५. कसबा बावड्याच्या दादांनी पहिल्यांदा हेच बघावं, आफ्रिका आणि इटली दोन्ही असतील तर १९४२ नंतरही ते डिव्हिजनबरोबरच होते असं धरायला बराच आधार मिळतो, नुसतं आफ्रिका असेल तर टोब्रुकच्या कैद्यांच्या बाजूनं शोध सुरू करा.

कागदाचे फोटो पाठवताना दोन्ही बाजूंचे पाठवा, मागच्या बाजूला पेन्सिलीनं केलेली बदल्यांची नोंद असते आणि नेमकी तीच कुणी पाठवत नाय. आर्मी नंबरचे शेवटचे आकडे झाका, आम्हाला छापायला लागत नायत.